मोडलजवळ क्रियाविशेषण अडतं तेव्हा: इंग्रजी वाक्यातली जागेची चूक कशी शोधायची

आधी ही सहा वाक्यं बघा.

‘आय कान्ट स्टिल लॉग इन.’
‘ही विल बी ऑलवेज लेट.’
‘प्लीज स्विच ऑफ इट.’
‘आय वोन्ट प्रॉबेबली कम टुमारो.’
‘आय विल नेव्हर नॉट फरगेट.’
‘आय ऑल्सो कान्ट कम.’

यांतला एकही शब्द अवघड नाही. काळ चुकलेला नाही, स्पेलिंग चुकलेलं नाही. तरीही प्रत्येक वाक्य कानाला खटकतं, कारण एखादा शब्द भलत्या जागी बसलाय, एक जास्तीचा आलाय किंवा नको तो निवडलाय. ही चूक चिवट असते. एक वाक्य दुरुस्त केलं तरी पुढच्या मेलमध्ये ती दुसऱ्या वेषात हजर होते. म्हणून वाक्यं पाठ करण्याऐवजी बिघाड कुठून येतो ते बघू.

बिघाडाचं मूळ

मराठीत जोर देणारं अव्यय ज्या शब्दावर जोर आहे त्यालाच चिकटतं. मीच, मीही, मी तरी, आजच, पोहतासुद्धा. त्यामुळे शब्द वाक्यात कुठेही न्या, जोर त्याच्याबरोबर जातो. ‘उद्या मीच येईन’, ‘मीच येईन उद्या’, ‘येईन मीच उद्या’. अर्थाला धक्का लागत नाही. इंग्रजीत अशी चिकटण्याची सोय नाही. तिथे क्रियाविशेषणाला ठरलेलं आसन असतं आणि बोलताना जोर आवाजाने द्यायचा असतो.

दुसरं कारण क्रियापदाचं. मोडल म्हणजे शक्यता, गरज, परवानगी असं काही सांगणारं साहाय्यक क्रियापद, इंग्रजीतलं ‘कॅन’ किंवा ‘मस्ट’सारखं. आपलं मोडल एक तर क्रियापदात विरघळलेलं असतं (येईन, यावं) किंवा त्याच्या मागे येतं (येऊ शकतो, यायला हवं, यावं लागेल). ‘येऊ’ आणि ‘शकतो’ यांच्यामध्ये फार तर ‘ही’, ‘च’, ‘सुद्धा’सारखं अव्यय शिरतं. ‘येऊ नेहमी शकतो’ असं कोणी म्हणत नाही. इंग्रजीत मात्र नेमकी तीच फट, मोडल आणि मुख्य क्रियापद यांच्यामधली, क्रियाविशेषणाची हक्काची जागा आहे. आपल्या कानाला ती जागा दिसतच नाही, म्हणून शब्द तिच्या आजूबाजूला कुठेतरी टेकवला जातो.

पहिली तपासणी: पहिला साहाय्यक कुठला?

खरी मोडल ९ आहेत: कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. ऑलवेज, नेव्हर, ऑफन, प्रॉबेबली, ऑल्सो, स्टिल, ऑलरेडी ही मंडळी पहिल्या साहाय्यक क्रियापदाच्या लगेच नंतर बसतात.

‘शी विल प्रॉबेबली कॉल.’
‘यू शुड ऑलवेज लॉक द डोअर.’
‘दे कॅन ऑल्सो पे इन कॅश.’

‘ही विल बी ऑलवेज लेट’ हे वाक्य का चुकतं? शाळेत ‘ही इज ऑलवेज लेट’ शिकताना ‘बी’च्या रूपानंतर ऑलवेज येतं, असा नियम डोक्यात बसतो. पण तिथे ‘इज’ एकटंच असतं, म्हणून पहिलं तेच ठरतं. मोडल आलं की पहिला मान मोडलला आणि ‘बी’ दुसऱ्या नंबरवर. म्हणून ‘ही विल ऑलवेज बी लेट’.

साहाय्यकांची रांग लांबली तरी हिशोब बदलत नाही. ‘द गेट शुड नेव्हर हॅव बीन ओपन्ड.’ चार क्रियापदं आहेत, तरी ‘नेव्हर’ पहिल्याच्या मागे. रीत सांगणारी क्रियाविशेषणं (प्रॉपरली, केअरफुली, बॅडली) मात्र वेगळी. ती ज्या कामाची रीत सांगतात त्याच्या अगदी शेजारी हवीत: ‘द बोल्ट्स शुड हॅव बीन प्रॉपरली टाइटन्ड.’ वाक्य कर्तरी असेल आणि कर्म असेल, तर त्यांची साधी जागा शेवटी: ‘यू शुड टाइटन द बोल्ट्स प्रॉपरली.’ क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये घुसवायचं नाही. ‘ही कॅन स्पीक वेल इंग्लिश’ हे त्याच घुसखोरीचं उदाहरण. ‘तो चांगलं इंग्रजी बोलतो’ यात ‘चांगलं’ इंग्रजीच्या आधी येतं, म्हणून ‘वेल’ही तिथे जाऊन बसतं. हवं ते असं: ‘ही कॅन स्पीक इंग्लिश वेल.’

प्रश्नात कर्ता मोडलच्या मागे सरकतो, क्रियाविशेषण त्याच्याही मागे: ‘कॅन यू ऑल्सो सेंड द बिल?’ सर्वनाम आणि मोडल यांच्यामध्ये प्रश्नात काहीही शिरत नाही. ‘कॅन ऑल्सो यू’ दिसलं की ते चूकच.

‘हॅव टू’ मोडलसारखं वागेल अशी अपेक्षा ठेवू नका. अर्थ ‘मस्ट’च्या जवळचा असला, तरी प्रश्न करताना त्याला ‘डू’ लागतं: ‘डू यू हॅव टू वेट?’ ज्याला ‘डू’ लागतं ते साधं क्रियापद समजायचं आणि क्रियाविशेषण त्याच्या आधी ठेवायचं. ‘आय ऑलवेज हॅव टू वेट.’ ‘नीड टू’ आणि ‘वॉन्ट टू’चंही तसंच. ‘ऑट टू’मध्ये शब्द कुठे घालायचा याची उठाठेव करण्यापेक्षा सरळ ‘शुड’ वापरा, काही बिघडत नाही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा लागतो. उत्तर मोडलवरच संपत असेल, तर क्रियाविशेषण मोडलच्या आधी जातं. ‘विल यू कम?’ याला ‘आय प्रॉबेबली विल.’ ‘आय विल प्रॉबेबली’ असं म्हटलं, तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो.

दुसरी तपासणी: वाक्यात ‘नॉट’ आहे का?

सगळ्यात जास्त पडझड इथे होते, म्हणून इथे थोडं थांबू.

कान्ट, वोन्ट, शुडन्ट यांच्यात ‘नॉट’ मोडलला चिकटलेलं असतं. आता क्रियाविशेषण त्याच्या आधी ठेवायचं की नंतर, याला सरसकट उत्तर नाही, पण कारण एकच आहे. ‘नॉट’च्या आधी असलेला शब्द नकाराच्या बाहेर राहतो, नंतरचा शब्द नकाराच्या तावडीत सापडतो.

‘बहुतेक मी येणार नाही’ यात ‘बहुतेक’ला नकार नाही, येण्याला आहे. म्हणून प्रॉबेबली बाहेर: ‘आय प्रॉबेबली वोन्ट कम.’ सर्टन्ली, डेफिनिटली यांचंही तेच. ‘स्टिल’ही बाहेर: ‘आय स्टिल कान्ट लॉग इन’, म्हणजे लॉग-इन न होणं अजून चालूच आहे. होकारार्थी वाक्यात मात्र तेच ‘स्टिल’ मुकाट्याने मोडलच्या मागे जातं: ‘यू कॅन स्टिल अप्लाय.’ या उलटापालटीमुळेच ‘कान्ट स्टिल’ इतक्या वेळा दिसतं. माणूस ‘कॅन स्टिल’ बरोबर शिकलेला असतो आणि नकारातही तीच सवय चालवतो.

ऑलवेज आणि नेसेसरिली तावडीतले. ‘आय कान्ट ऑलवेज कम.’ ‘इट मे नॉट नेसेसरिली बी राइट.’

ओळखायचं कसं? एक देशी कसोटी आहे. मराठी वाक्य ‘असं नाही’ने संपवून बघा. ‘दर वेळी येता येईलच असं नाही’, अर्थ तोच राहिला, तर क्रियाविशेषण ‘नॉट’च्या नंतर. ‘ते बरोबर असेलच असं नाही’, इथेही नंतर. पण ‘बहुतेक येईन असं नाही’ म्हटलं की अर्थ पार वेगळा होतो. मग क्रियाविशेषण ‘नॉट’च्या आधी.

‘रिअली’, ‘जस्ट’ आणि ‘सिम्प्ली’ दोन्हीकडे बसतात आणि अर्थ बदलून ठेवतात. ही चूक शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हाती लागणं कठीण, कारण दोन्ही वाक्यं व्याकरणात बसतात.

‘आय रिअली कान्ट से’: मला खरंच सांगता येणार नाही.
‘आय कान्ट रिअली से’: तसं नक्की काही सांगता येईल असं नाही.

‘आय जस्ट कान्ट लीव्ह’: मला निघणं शक्यच नाही.
‘आय कान्ट जस्ट लीव्ह’: मला असं नुसतं उठून निघता येणार नाही, कोणाला तरी सांगावं लागेल, हातातलं काम सोपवावं लागेल.

रजेच्या अर्जात ही अदलाबदल झाली, तर साहेबांना भलताच निरोप जातो.

आता ‘नेव्हर’. ‘नेव्हर म्हणजे कधीच’ एवढंच पाठ असेल, तर घोटाळा ठरलेलाच. आपलं ‘कधीच’ पुढे ‘नाही’ मागतं: ‘मी कधीच विसरणार नाही.’ मग ‘नाही’साठी वाक्यात ‘नॉट’ही येतं. ‘नेव्हर’ म्हणजे ‘कधीच नाही’, दोन्ही शब्द एकाच पोटात. ‘आय विल नेव्हर फरगेट’ म्हटलं की झालं. मराठीतलं ‘क्वचितच’ आठवा. ‘तो क्वचितच दिसतो’ यात आपण वेगळं ‘नाही’ घालत नाही. नेव्हर, हार्डली, रेअरली, सेल्डम या सगळ्यांना ‘क्वचितच’च्या पंगतीत बसवा. ‘आय कान्ट हार्डली हिअर यू’ नको. ‘आय कॅन हार्डली हिअर यू’ पुरे. आणि हे शब्द नकारीच असल्यामुळे शेपटीचा प्रश्न होकारी लागतो: ‘यू कॅन हार्डली सी इट, कॅन यू?’

तिसरी तपासणी: मराठीत ‘ही’, ‘पण’, ‘सुद्धा’ होतं का?

‘मी पण येऊ शकत नाही’ याचं ‘आय ऑल्सो कान्ट कम’ होतं आणि वाक्य मराठी माणसाचं आहे हे लगेच कळतं. नकारात ‘ऑल्सो’ची जागा ‘आयदर’ घेतं आणि ते शेवटी बसतं: ‘आय कान्ट कम आयदर.’ कोणाच्या बोलण्याला जोड द्यायची असेल, तर ‘नायदर कॅन आय.’ होकारात ‘सो कॅन आय.’ या दोन्हींत मोडल सर्वनामाच्या आधी उडी मारतं, ‘सो आय कॅन’चा अर्थ वेगळा होतो.

‘इव्हन’ मात्र मराठी कानाला सोयीचं आहे, कारण ते आपल्या ‘सुद्धा’सारखंच जागा बदलतं.

‘मलासुद्धा पोहता येतं’: ‘इव्हन आय कॅन स्विम.’
‘मला पोहतासुद्धा येतं’: ‘आय कॅन इव्हन स्विम.’

‘सुद्धा’ सर्वनामाला चिकटलं असेल, तर ‘इव्हन’ सर्वनामाच्या आधी. क्रियापदाला चिकटलं असेल, तर मोडलच्या नंतर. ‘ऑल्सो’ एवढं सालस नाही. ‘मीही तिथे जाईन’ आणि ‘मी तिथेही जाईन’, दोन्हींचं लेखी इंग्रजी ‘आय विल ऑल्सो गो देअर’ असं एकच होतं. बोलताना आवाजाने ‘आय’ किंवा ‘देअर’ उचलता येतं, मेलमध्ये येत नाही. संदिग्धता चालणार नसेल, तर वाक्यच बदला. पहिल्यासाठी ‘सो विल आय’, दुसऱ्यासाठी ‘आफ्टर दॅट, आय विल गो देअर टू’ असं काहीतरी.

चौथी तपासणी: ‘च’चं ‘ओन्ली’ केलंय का?

‘आय विल कम टुमारो ओन्ली’, ‘ही इज हिअर ओन्ली.’ आपल्याकडे हे सर्रास चालतं आणि आपल्यात समजतंही. बाहेरच्या माणसाला मात्र ‘फक्त उद्याच, एरवी नाही’ असा अर्थ लागतो. ‘च’ला इंग्रजीत एक शब्द नाही, दर वेळी वेगळा शोधावा लागतो. आत्ताच म्हणजे ‘जस्ट नाऊ’. कालच म्हणजे ‘जस्ट यस्टरडे’ किंवा ‘ओन्ली यस्टरडे’, पण ‘ओन्ली’ आधी. इथेच म्हणजे ‘राइट हिअर’. मीच केलं म्हणजे ‘आय डिड इट मायसेल्फ’ किंवा, दुसऱ्या कोणी नाही असं सांगायचं असेल, तर ‘आय अ‍ॅम द वन हू डिड इट’. पुष्कळदा ‘च’ गाळून टाकणं हाच सगळ्यात चांगला अनुवाद.

खरंखुरं ‘फक्त’ म्हणायचं असेल तेव्हा मोडल आणि सर्वनाम यांच्या संदर्भात ‘ओन्ली’ची जागा जपून निवडा. सहीचंच उदाहरण घ्या.

‘ओन्ली ही कॅन साइन चेक्स’: चेकवर सही तोच करू शकतो, दुसऱ्याला अधिकार नाही.
‘ही कॅन ओन्ली साइन चेक्स’: तो चेकवर सही तेवढी करू शकतो, बाकी काही नाही. बोलण्यात मात्र हेच वाक्य पुढच्या अर्थानेही वापरतात.
‘ही कॅन साइन ओन्ली चेक्स’: त्याची सही चेकपुरतीच चालते, करारावर नाही.

बँकेचं किंवा सोसायटीचं अधिकारपत्र लिहिताना तिसरं हवं असेल, तर तिसरंच लिहा. (चेकवर आकड्यापुढे ‘ओन्ली’ शेवटी येतं, ‘रुपये पाच हजार फक्त’सारखं, ते बरोबरच आहे. ‘लेडीज ओन्ली’ची पाटीही बरोबर. पण ती वाक्यं नव्हेत.)

पाचवी तपासणी: सर्वनाम शेवटी लोंबकळतंय का?

‘स्विच ऑफ द फॅन’ चालतं, ‘स्विच द फॅन ऑफ’ही चालतं. पण फॅनच्या जागी ‘इट’ आलं की एकच रस्ता: ‘स्विच इट ऑफ.’ इथलं ‘ऑफ’ क्रियाविशेषण आहे. सर्वनाम हलकं, आधीच माहीत असलेल्या वस्तूचं नाव, आणि इंग्रजी वाक्य वजनदार शब्द शेवटी ठेवू पाहतं. म्हणून सर्वनाम मध्ये सरकतं. ‘आय विल कॉल बॅक यू’ ही या जातीतली नेहमीची चूक. हवं ‘आय विल कॉल यू बॅक.’ तसंच ‘पिक मी अप’, ‘थ्रो देम अवे’, ‘फिल इट इन.’

पण ‘लुक आफ्टर इट’ बरोबर आणि ‘लुक इट आफ्टर’ चूक, मग ओळखायचं कसं? सर्वनामाऐवजी नाम घालून ते मध्ये सरकवून बघा. ‘फिल द फॉर्म इन’ जमतं, म्हणजे ‘इन’ इथे क्रियाविशेषण आहे आणि सर्वनाम मध्येच हवं. ‘लुक द बेबी आफ्टर’ जमत नाही, म्हणजे ‘आफ्टर’ शब्दयोगी आहे आणि सर्वनाम त्याच्या मागेच राहील. मोडल आणि दुसरं क्रियाविशेषण आलं तरी दोघं आपापल्या जागी नांदतात: ‘कुड यू ऑल्सो स्विच इट ऑफ?’

याच घरातली एक छोटी चूक: ‘हिअर इज इट.’ ‘हिअर कम्स द बस’ बरोबर, पण सर्वनाम असेल तर उलटापालट होत नाही. ‘हिअर इट कम्स’, ‘हिअर इट इज.’

उरलेल्या किरकोळ तक्रारी

‘बोथ वी कॅन कम’ नको. ‘आम्ही दोघंही’मधलं ‘दोघंही’ क्रियाविशेषणाच्या आसनावर बसवा: ‘वी कॅन बोथ कम.’ ‘ऑल’ही तसंच, ‘दे शुड ऑल साइन.’

‘मेबी’ एक शब्द असेल, तर ते क्रियाविशेषण. वाक्याच्या तोंडाशी, सर्वनामाच्या आधी येतं: ‘मेबी ही इज सिक.’ ‘मे’ आणि ‘बी’ सुटे असतील, तर ते मोडल आणि क्रियापद. सर्वनामाच्या नंतर येतात: ‘ही मे बी सिक.’ शंका आली तर ‘परहॅप्स’ घालून बघा. बसलं, तर एकत्र लिहा. ‘मेबी ही मे बी’ म्हणजे शंकेवर शंका, एक काढा.

‘नॉट ओन्ली’ वाक्याच्या सुरुवातीला आलं की मोडल सर्वनामाच्या आधी येतं: ‘नॉट ओन्ली कॅन ही सिंग, ही कॅन ऑल्सो डान्स.’ बोर्डाच्या परीक्षेत वाक्यरूपांतरात हे हमखास विचारतात आणि ‘नॉट ओन्ली ही कॅन’ लिहून गुण जातात. उलटापालट नको असेल, तर ‘नॉट ओन्ली’ सुरुवातीला ठेवूच नका: ‘ही कॅन नॉट ओन्ली सिंग बट ऑल्सो डान्स.’

एक मेल दुरुस्त करून बघू

बिघडलेला मजकूर: ‘सर, आय कान्ट स्टिल ओपन द फाइल. आय विल नॉट प्रॉबेबली फिनिश द वर्क टुडे ओन्ली. कॅन यू सेंड अगेन इट? आय ऑल्सो कान्ट फाइंड द ओल्ड वन. आय विल कॉल बॅक यू आफ्टर लंच.’

पहिल्या दोन वाक्यांत ‘नॉट’ आहे. ‘स्टिल’ आणि ‘प्रॉबेबली’ दोन्ही ‘असं नाही’च्या कसोटीत नापास होतात, म्हणून ती ‘नॉट’च्या आधी जातील. ‘टुडे ओन्ली’ हे ‘आजच’मधल्या ‘च’चं ओझं, गाळलं तरी काही हरवत नाही. तिसऱ्या वाक्यात ‘इट’ क्रियापदाला चिकटवलं की ‘अगेन’ आपोआप शेवटी जातं. चौथं नकारी, म्हणून ‘आयदर’. पाचव्यात ‘यू’ मध्ये.

दुरुस्त मजकूर: ‘सर, आय स्टिल कान्ट ओपन द फाइल. आय प्रॉबेबली वोन्ट फिनिश द वर्क टुडे. कुड यू सेंड इट अगेन? आय कान्ट फाइंड द ओल्ड वन आयदर. आय विल कॉल यू बॅक आफ्टर लंच.’

‘कॅन यू’चं ‘कुड यू’ केलं ते जागेच्या नियमासाठी नव्हे, साहेबांशी बोलताना ते जरा अदबीचं लागतं म्हणून.